जेम्स पार्किन्सन : कंपवाताला ज्यांचं नाव मिळालं ते डॉक्टर



११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन दिन. परिपाठात दिनविशेष म्हणून आपण तो एका ओळीत उरकतो. आज जरा सविस्तर ओळख करून घेऊया. माझ्या घरातलंही एक कारण आहे, ते शेवटी सांगते.

जेम्स पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या हॉक्स्टन भागात झाला. वडील जॉन तिथलेच डॉक्टर. त्यांच्या हाताखाली जेम्स शिकले आणि पुढे त्याच वस्तीत त्यांनी दवाखाना चालवला. पण गडी नुसता दवाखान्यात बसणारा नव्हता! सामान्य माणसाच्या हक्कांसाठी ओल्ड ह्यूबर्ट या टोपणनावाने पत्रकं लिहिली. १७९४ मध्ये राजाला मारण्याच्या कथित कटाच्या चौकशीत त्यांची जबानी झाली. जीवाश्मांचा तर असा नाद की त्यावर तीन खंड लिहिले. आपल्या उपयोगाचं म्हणजे, धोक्याचे खेळ कोणते हे मुलांना कळावं म्हणून १८०० साली त्यांनी गोष्टीचं पुस्तकही लिहिलं.

१८१७ साली त्यांचा कंपवातावरचा छोटा निबंध आला. त्यात फक्त सहा रुग्ण आहेत, आणि त्यातले काही तर रस्त्यावर चालताना पाहिलेले. थरथरणारा हात, पुढे वाकलेलं शरीर, चालता चालता धावल्यासारखी होणारी पावलं, हे सगळं त्यांनी बारकाईने टिपलं. उपचार म्हणून त्या काळच्या रीतीप्रमाणे मानेजवळून रक्त काढायला सांगितलं, ते आज कुणी करणार नाही. मात्र आजाराचं मूळ कळेपर्यंत पोटातून औषध देणं योग्य नाही, असंही त्यांनी लिहून ठेवलं. मला हे फार मोठं वाटतं. १८२४ मध्ये ते वारले. पार्किन्सन हे नाव आजाराला पुढे फ्रान्सच्या शार्को या डॉक्टरांनी दिलं. (तक्ता बनवताना जपा. कॅमेरा येण्याआधीच ते गेले, त्यामुळे नेटवरचा फोटो त्यांचा नाही.)

मूळ कळायला १९६० साल उजाडलं. मेंदूत डोपामीन नावाचं रसायन कमी पडतं म्हणून हा आजार होतो. डोपामीन थेट दिलं तर मेंदूत पोचत नाही. लेव्होडोपा पोचतं आणि तिथे त्याचं डोपामीन होतं. गंमत बघा, हे लेव्होडोपा १९१३ मध्येच गुगेनहाइम या शास्त्रज्ञाने एका शेंगेच्या बियांतून वेगळं काढलं होतं. स्वतः अडीच ग्रॅम खाऊन पाहिलं आणि त्यांना उलट्या झाल्या! आजच्या गोळीत लेव्होडोपासोबत बहुधा कार्बिडोपा असतं. त्यामुळे औषध वाटेतच वाया जात नाही, कमी मात्रा पुरते आणि मळमळही कमी होते.

आपली खाजकुहिली आठवते ना? जिची कुसं अंगाला लावून पोरं एकमेकांना खाजवायला लावतात ती. तिच्या बियांतही हेच लेव्होडोपा असतं, आणि आयुर्वेदात कंपवातावर ती वापरतात. म्हणजे झाडपाला आणि गोळी ही दोन वेगळी औषधं नाहीतच. एक फरक असा की गोळीत मात्रा ठरलेली असते, चूर्णात ती बियांप्रमाणे बदलते.

आता घरातलं कारण. माझ्या सासऱ्यांची गोळी चालू होती. एका पाहुण्यांनी कुहिलीचं चूर्ण आणून दिलं. नैसर्गिक आहे, काय होणार, म्हणून आम्ही गोळीवर तेही चालू केलं. आठवड्याभरात मान आणि हात आपोआप वळवळू लागले, उठताना चक्कर यायला लागली. मी घाबरून गोळीच बंद करणार होते. डॉक्टरांनी फोनवरच थांबवलं, कारण ही गोळी एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. चूर्ण बंद झालं, वळवळ ओसरली. नंतर त्यांनी विचारलं, रोज किती चमचे देत होता? सपाट की शीग लावून? मला सांगता आलं नाही.