पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी ८० वर्षांपूर्वीच दिला होता इशारा

अलेक्झांडर फ्लेमिंग शेतकऱ्याच्या घरातले. स्कॉटलंडमध्ये डार्वेल गावाजवळच्या शेतावर ६ ऑगस्ट १८८१ रोजी त्यांचा जन्म झाला. सात वर्षांचे असताना वडील गेले. तेराव्या वर्षी ते लंडनला आले आणि पुढे जहाज कंपनीत कारकुनी केली. काकांच्या वारशातून थोडे पैसे मिळाले, तेव्हा कुठे डॉक्टरकीचे शिक्षण सुरू झाले.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये लष्करी डॉक्टर होते. गोळी लागूनही वाचलेले जवान पुढे जखम चिघळून मरायचे. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर त्यांना जंतू वाढवायच्या एका काचेच्या बशीत बुरशी दिसली. बुरशीच्या आजूबाजूचे जंतू मात्र नाहीसे झाले होते. त्या बुरशीतून निघालेल्या द्रवाला त्यांनी पेनिसिलिन नाव दिले. त्याचे औषध करून दाखवले ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९४५ मध्ये फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना नोबेल मिळाले.

नोबेलच्या भाषणातच फ्लेमिंग यांनी सावध केले. औषध कमी पडले तर जंतू मरत नाहीत, उलट निबर होतात, असे त्यांनी सांगितले. उदाहरणही दिले. घसा दुखतो म्हणून एक जण मनानेच थोडे पेनिसिलिन घेतो. त्याचे निबर झालेले जंतू बायकोला लागतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन लागू पडत नाही आणि ती दगावते.

त्यांच्या हयातीतच पेनिसिलिनला दाद न देणारे जंतू दवाखान्यांत सापडू लागले. ११ मार्च १९५५ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्या वर्षी, १९५४ मध्ये, पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला होता.

फ्लेमिंग यांचा इशारा आज गोठ्यालाही लागू आहे. माणसांची आणि जनावरांची बरीच औषधे एकाच जातीची असतात. म्हणूनच माणसासाठी शेवटचा आधार असलेले कोलिस्टिन कोंबड्या व दुभत्या जनावरांना द्यायला केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली.

गाईला दगडी झाली तर डॉक्टरांना दाखवूनच इंजेक्शन द्यावे आणि सांगितलेला कोर्स पुरा करावा. तेवढे दिवस, आणि नंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, दूध डेअरीला घालू नये आणि घरातही वापरू नये. तापात उरलेली गोळी दुसऱ्याला देऊ नये.