आर्ने टिसेलियस

आपल्या तालुक्यातील गाणगापूर येथे भीमा व अमरजा यांचा संगम होतो. तेथे मिसळलेले पाणी कोणाला वेगळे करता येईल? परंतु द्रवात मिसळलेले पदार्थ वेगळे करण्याचा मार्ग एका स्वीडिश शास्त्रज्ञाने जगाला दाखविला. त्यांचे नाव आर्ने टिसेलियस.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १९०२ रोजी स्टॉकहोम येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. विजेच्या प्रभावाने द्रवातील प्रथिने कमी-अधिक वेगाने सरकतात, या विषयावर प्रबंध लिहून १९३० साली त्यांनी उप्साला विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पण मनाला समाधान नव्हते. विजेमुळे द्रव तापे व विलग झालेले पदार्थ पुन्हा मिसळत. काही वर्षांनी ते त्याच प्रश्नाकडे वळले. द्रव थंड राखणारे नवे उपकरण त्यांनी १९३७ साली जगापुढे मांडले आणि रक्तद्रवातील ग्लोब्युलिनाचे आल्फा, बीटा व गॅमा हे प्रकार वेगळे करून दाखविले. १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. २९ ऑक्टोबर १९७१ रोजी ते निवर्तले.

पुढे १९८१ साली अमेरिकेत जॉर्गेन्सन व लुकाक्स यांनी हेच काम केसाएवढ्या बारीक काचनळीत साधले. नळीत विलग झालेल्या पदार्थांवर विशिष्ट प्रकाश टाकला असता क्विनीनसारखी औषधे स्वतः चमकतात; इतर अनेकांना चमकणारे रसायन जोडावे लागते. त्या चमकेवरून औषधाचा अत्यल्प अंशही ओळखता येतो.

विद्यार्थी मित्रहो, पदवी हाती आली तरी टिसेलियस यांनी आपल्याच कामातील उणीव शोधली. त्यांचे खरे थोरपण यातच आहे.