डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहॅम : छातीचे दार उघडणारा शल्यविशारद

फुप्फुसाच्या कर्करोगाने कुणाचे निधन झाले की मयताच्या घरी एक प्रश्न हळूच विचारला जातो. ते बिडी-सिगारेट ओढत होते का? (न ओढणाऱ्यांनाही हा रोग होतो, तेव्हा घरच्या माणसांसमोर हा प्रश्न जपूनच विचारावा.) पण हा प्रश्न आज आपल्या मनात इतक्या सहज येतो, याचे श्रेय ज्या थोड्या माणसांना द्यावे लागेल, त्यांत अमेरिकेचे शल्यविशारद डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांचे नाव वरचे आहे. ते कॅथलिक नव्हते आणि या पानावर आपण ज्यांची चरित्रे नेहमी वाचतो त्या संतांच्या पंक्तीत त्यांना बसवण्याचा आमचा विचार नाही. तरीही प्रायश्चित्तकाळात ज्यांची आठवण काढावी असे आम्हांला वाटते, त्यांपैकी ते एक आहेत.

त्यांचा जन्म १९ मार्च १८८३ रोजी शिकागो शहरात झाला. वडील शल्यविशारद होते. प्रिन्स्टन विद्यापीठातून पदवी घेऊन एव्हार्ट्स यांनी शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजात वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले. ते १९०७ साली डॉक्टर झाले. पुढे ते रसायनशास्त्रही शिकले. त्या काळी शल्यविशारदाने प्रयोगशाळेत बसणे ही काही नेहमीची गोष्ट नव्हती. हेलन ट्रेडवे ही रसायनशास्त्रज्ञ तरुणी त्यांना तिथल्याच वर्तुळात भेटली आणि १९१६ साली दोघे विवाहबद्ध झाली. हेलनबाई पुढे औषधशास्त्राच्या नामवंत संशोधक म्हणून स्वतःच्या बळावर ओळखल्या गेल्या.

लग्नाच्या सुमारास ग्रॅहॅम आयोवा राज्यातील मेसन सिटी या गावी व्यवसाय करीत होते. तेथे रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरला शस्त्रक्रियेच्या फीमधून वाटा देण्याची पद्धत होती. आपल्याकडे तिला कट म्हणतात, अधिक सांगायला नको. ग्रॅहॅम यांना ती मुळीच मान्य नव्हती. गावात त्यांचे बस्तान फार दिवस राहिले नाही, पण या पद्धतीविरुद्ध ते आयुष्यभर बोलत राहिले. शल्यविशारदांची योग्यता परीक्षा घेऊनच ठरवावी यासाठी १९३७ साली अमेरिकेत मंडळ स्थापन झाले, त्याचे ते पहिले अध्यक्ष होते.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. पोट उघडून शस्त्रक्रिया करण्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉक्टरांचा हात बसला होता. छाती मात्र बंदच राहिली होती. कारण साधे आहे. छातीच्या पिंजऱ्यात, फुप्फुसाभोवती, हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. म्हणून तर फुप्फुस फुगलेले राहते. छातीला भोक पाडले की बाहेरची हवा आत घुसते आणि फुप्फुस चेपते. रोग बरा करायला गेलेला डॉक्टर रुग्णाचा श्वासच हिरावून बसायचा.

पहिल्या महायुद्धाच्या वेळी या अज्ञानाची किंमत कळली. १९१७-१८ मध्ये अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत गोवर आणि फ्लूच्या पाठोपाठ न्यूमोनियाची साथ आली. हजारो तरुण शिपायांच्या छातीत, फुप्फुसाच्या आवरणात, पू होऊ लागला. पू दिसला की चिरा द्यायचा आणि तो वाहून जाऊ द्यायचा, हा शल्यशास्त्राचा जुना नियम. पायात पू असो वा पाठीत, तो बरोबरच आहे. लष्करी डॉक्टरांनी तोच छातीला लावला. शंभरातले सरासरी तीस जवान मरू लागले. काही छावण्यांत त्याहूनही जास्त. मेले ते रोगाने मेले, असे सगळे समजत होते.

या मृत्यूंचा छडा लावण्यासाठी लष्कराने जे पथक नेमले, त्यात १९१८ साली ग्रॅहॅम आले. पस्तिशीचे होते. रिचर्ड बेल या सहकाऱ्याबरोबर त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. तोवर अशी समजूत होती की छातीच्या दोन कप्प्यांमधली भिंत घट्ट आहे. डावीकडे भोक पाडले तर उजवे फुप्फुस शाबूत राहील. ग्रॅहॅम यांना आढळले की ती भिंत नसून हलणाऱ्या पडद्यासारखी आहे. एका बाजूने हवा शिरली की दोन्ही फुप्फुसांवर दाब येतो. म्हणजे न्यूमोनियाने आधीच धापा टाकणाऱ्या मुलाची छाती उघडणे हेच त्याच्या मृत्यूचे कारण ठरत होते. पथकाने सांगितले, घाई करू नका. आरंभी, पाणी पातळ असताना, ते सुईने काढा. रुग्णाला सकस खाऊ घाला. पू घट्ट होऊन फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटले की मग चिरा द्या. हे पाळल्यावर मृत्यूचे प्रमाण शंभरात पाचाच्याही खाली आले.

हा प्रसंग वाचताना आम्ही थोडे थांबलो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात संत थॉमस अक्वायनस यांची सत्याची व्याख्या आम्हांला शिकवली गेली. वस्तू जशी आहे तशी ती बुद्धीने स्वीकारणे म्हणजे सत्य, असा तिचा आशय. परीक्षेत ती लिहायला सोपी होती. पण आपल्याच हातांनी, चांगल्या हेतूने, मुले मरत आहेत हे स्वीकारायला डॉक्टरांच्या पिढीला किती जड गेले असेल!

१९१९ साली ग्रॅहॅम सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात शल्यशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९५१ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. पित्ताशय क्ष-किरणात दिसावे यासाठीची पद्धत त्यांनी वॉरन कोल या तरुण सहकाऱ्याबरोबर १९२४ साली शोधली. त्याबद्दल येथे अधिक लिहीत नाही.

५ एप्रिल १९३३, बुधवार. त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता, म्हणजे प्रायश्चित्तकाळ संपत आला होता. सेंट लुईसच्या बार्न्स हॉस्पिटलात पिट्सबर्गचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. जेम्स गिलमोर टेबलावर होते. वय पन्नाशीच्या आत, डाव्या फुप्फुसात कर्करोग. शस्त्रक्रियेआधी ते घरी जाऊन सगळी निरवानिरव करून आले होते. दफनासाठी जागाही विकत घेऊन ठेवली होती, असे सांगतात. फुप्फुसाचा वरचा भाग काढायचा असे ठरले होते. छाती उघडल्यावर दिसले की गाठ मुख्य श्वासनळीच्या इतकी जवळ आहे की भाग काढून भागणार नाही. काढायचे तर सबंध फुप्फुस. त्याआधी बर्लिनमध्ये रुडॉल्फ निसेन यांनी १९३१ साली सबंध फुप्फुस काढले होते, पण ते दोन टप्प्यांत, आणि कर्करोगासाठी नव्हे. कर्करोगाच्या रुग्णाचे सबंध फुप्फुस एकाच बैठकीत काढून तो जगल्याचे उदाहरण नव्हते.

ग्रॅहॅम यांनी त्या फुप्फुसाकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी चिमट्याने दीड-एक मिनिट दाबून धरली आणि रुग्णाकडे पाहत राहिले. नाडी ठीक राहिली. मग त्यांनी फुप्फुस काढले. आत राहिलेली पोकळी भरून यावी म्हणून काही बरगड्याही काढल्या, जेणेकरून छातीची भिंत आत बसेल. गिलमोर जगले. इतकेच नव्हे, तर पुन्हा कामाला लागले आणि बाळंतपणे करू लागले. त्या दिवसापासून फुप्फुसाचा कर्करोग म्हणजे केवळ वाट पाहणे, असे राहिले नाही.

शस्त्रक्रियेचा मार्ग खुला झाला तसे रुग्णही वाढत गेले. ग्रॅहॅम वैद्यक शिकत होते तेव्हा दुर्मीळ असलेला हा रोग आता सर्रास दिसू लागला. का, हा प्रश्न होता. न्यू ऑर्लिन्सचे शल्यविशारद आल्टन ऑक्सनर सिगारेटकडे बोट दाखवीत होते. ग्रॅहॅम यांना ते पटत नव्हते. सिगारेटचा खप वाढला तसा नायलॉनच्या मोज्यांचाही वाढला आहे, अशी थट्टा ते करीत. आणि ते स्वतः तरुणपणापासून भरपूर सिगारेट ओढत होते.

मग त्यांच्याकडे अर्न्स्ट विंडर नावाचा विद्यार्थी आला. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून आलेल्या ज्यू कुटुंबातला हा मुलगा. १९४८ साली न्यू यॉर्कला एका मृताचे शवविच्छेदन पाहताना त्याने विधवेकडे चौकशी केली. नवरा रोज दोन पाकिटे ओढायचा, असे तिने सांगितले. रुग्णांना पद्धतशीर प्रश्न विचारण्याची परवानगी विंडरने मागितली. हातून काही निघणार नाही अशी ग्रॅहॅम यांची खात्री होती, तरी त्यांनी दार बंद केले नाही. एवढ्या मोठ्या प्राध्यापकाने विद्यार्थ्याला हसून घालवून दिले असते, तर कुणी जाब विचारला नसता.

मे १९५० मध्ये दोघांचा लेख अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला. निदान पक्के झालेले ६८४ रुग्ण. त्यांतील ६०५ पुरुषांपैकी शंभरात ९६ हून अधिक जण वर्षानुवर्षे बऱ्यापैकी किंवा बेसुमार ओढणारे. ग्रॅहॅम यांनी आपल्याच मताविरुद्ध जाणाऱ्या लेखाखाली आपले नाव घातले. १९५३ च्या डिसेंबरात त्यांनी, विंडरने आणि अडेल क्रोनिंजर यांनी उंदरांच्या पाठीला सिगारेटचे डांबर लावून केलेला प्रयोग जाहीर केला. शंभरातल्या सुमारे ४४ उंदरांना कर्करोग झाला होता. महिनाभरात, ४ जानेवारी १९५४ रोजी, तंबाखू कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत मोठी जाहिरात देऊन लोकांच्या मनात शंका पेरायला सुरुवात केली.

ग्रॅहॅम यांनी पन्नास वर्षांची सवय तोवर सोडली होती. बुद्धीला पटणे आणि हाताने पाकीट खाली ठेवणे यांत अंतर असते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हीच ओढाताण मांडली आहे. आमच्या लहानपणी लग्नाच्या मांडवात पाहुण्यांपुढे तबकातून बिड्या-सिगारेटी फिरत. ते तबक गेले, पण चर्चच्या आवाराबाहेर कोपऱ्यावर उभे राहणारे मिस्साआधी आणि मिस्सानंतर आम्हांला दिसतात. त्यांच्यावर रागावून हा लेख लिहिलेला नाही.

१९५७ च्या आरंभी ग्रॅहॅम फ्लूसारख्या आजाराने अंथरुणाला खिळले. क्ष-किरणात दोन्ही फुप्फुसांत कर्करोग दिसला. एक फुप्फुस काढून माणूस वाचवता येतो हे ज्याने जगाला दाखवले, त्याच्यावर शस्त्रक्रिया करणे शक्य नव्हते. त्यांनी ऑक्सनरना पत्र लिहून आपला आजार कळवला. सिगारेट सोडून पाच वर्षांहून अधिक काळ झाला, पण त्याआधी पन्नास वर्षे ओढली, हेही त्यात नमूद केले. ज्यांची एके काळी थट्टा केली, त्यांनाच हे लिहायचे होते. ४ मार्च १९५७ रोजी, राखेच्या बुधवारच्या दोन दिवस आधी, बार्न्स हॉस्पिटलातच त्यांचे निधन झाले.

डॉ. गिलमोर तेव्हा हयात होते. एका फुप्फुसावर ते १९६३ पर्यंत जगले.