केडगावची कारभारीण

संपादिकाबाईंनी यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी त्यांना सरळ सांगून टाकले की मला जमाखर्चापलीकडे काही लिहिता येत नाही. गेली अकरा वर्षे आपल्या मंडळाची खजिनदार म्हणून वह्या लिहिते आहे, तेवढाच काय तो माझा लेखनाचा व्यासंग. त्या म्हणाल्या, मग एखाद्या थोर बाईचे चरित्र जमाखर्चाच्या अंगाने लिहा. बाई थट्टेत बोलून गेल्या, परंतु मला एकदम पंडिता रमाबाई आठवल्या. त्या का आठवल्या ते सांगायचे तर आधी माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. भगिनींनी तेवढी क्षमा करावी.

२०२० साली चैत्रात टाळेबंदी लागली आणि आपल्या आळीतल्या घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बायांची कामे एका दिवसात थांबली. पुढच्याच पंधरवड्यात त्यांतल्या काहीजणी मंडळाच्या दाराशी आल्या. सभागृहासाठी देणग्या जमवून ठेवलेली आपली कायम ठेव तेव्हा बँकेत होती. ती मोडावी असे चार-पाच भगिनींचे मत पडले. मी विरोध केला. ज्या कामासाठी पैसा दिला त्याच कामी तो लागला पाहिजे, दुसरीकडे वळविण्याचा आपणांस अधिकार नाही, असे मी बजावले आणि नियमाप्रमाणे ते बरोबरही होते. वेगळी वर्गणी काढली, ती जमेपर्यंत महिना गेला. त्या महिन्यात दोन कुटुंबे खोल्या सोडून गावी चालत गेली. त्यानंतर केव्हातरी रमाबाईंचे चरित्र हाती आले आणि मी ते दुसऱ्याच डोळ्यांनी वाचले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळ येथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकविले म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. त्यांचा आश्रम म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचे हक्काचे घर. विद्यार्थी, यात्रेकरू, अतिथी. पंगतीवर पंगत उठायची. अखेर देणे झाले, जमीन गेली, आणि रमा सहा महिन्यांची असताना तिला वेताच्या पेटाऱ्यात घालून सारे कुटुंब तीर्थाटनाला निघाले. देवळांतून पुराण सांगावे, लोक जे देतील त्यावर चरितार्थ चालवावा, उरेल ते पुन्हा तीर्थाच्या ठिकाणी दानधर्मात घालावे, असा त्यांचा क्रम. आईने मुलीला संस्कृत शिकविले ते या वाटचालीतच.

१८७४ ते १८७७ च्या दरम्यान दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा या घराजवळ काही उरले नव्हते. दागिने गेले, भांडी गेली, अंगावरची चांगली वस्त्रे गेली. देव प्रसन्न होईल या आशेने शेवटचा पैसाही दान करून झाला होता. मजुरी करावी तर शास्त्र्यांच्या घराला ती ठाऊक नाही, भीक मागावी तर लाज. रानात जाऊन झाडपाला खाऊन दिवस काढले. वडील गेले, मग आई. आई भ्रमात बाजरीची भाकरी मागू लागली तेव्हा रमा शेजारच्या बाईच्या दारात जाऊन उभी राहिली, पण तोंडून शब्द फुटेना. त्या बाईने ओळखून भाकरीचा तुकडा दिला, पण तो गिळण्याची शक्ती आईत उरली नव्हती. रायचूरला आई वारली. खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. तिची उंची कमी, म्हणून खांद्याऐवजी डोक्यावर तिरडी घेऊन ती चालत गेली. पुढे बहीणही गेली.

अनंतशास्त्र्यांचे दान चुकीचे होते असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. त्या घराचा हात मोठा होता. पण ज्या मुलीने सर्वस्व देऊन टाकणारे घर उपाशी मरताना पाहिले, तिच्या मनात देण्याविषयीचा विचार आपल्यासारखा सोपा राहिला नसणार. पुढे तिने हजारोंना दिले, मात्र एक पैही हिशेबाबाहेर दिली नाही.

मधल्या वर्षांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, मी भरभर जाते. भाऊबहीण पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तेथील विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. भाऊ १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी दास मेधावी या दुसऱ्या जातीच्या वकिलाशी तिने नोंदणीने विवाह केला. मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. तेवीस वर्षांच्या वयात मागे उरली एक लहानगी मुलगी. रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, मुलींच्या शिक्षणासाठी हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ मध्ये वैद्यकी शिकण्यासाठी विलायतेस गेल्या. कमी ऐकू येत असल्याने तो बेत फसला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज येथे मुलीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे केवढा गहजब झाला! परंतु भगिनींनो, वर्षानुवर्षे लोकांच्या देवळांच्या ओसऱ्यांवर निजलेल्या बाईने देव कोठे शोधावा हे घरात बसून आपण ठरवावे, हे काही मला पटत नाही. धर्म बदलला तरी त्या आयुष्यभर शाकाहारी राहिल्या आणि पांढरे लुगडे त्यांनी सोडले नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास त्या अमेरिकेत गेल्या. तेथील लोकांना आपल्या बालविधवांची स्थिती सांगत फिरल्या आणि १८८७ च्या अखेरीस बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. या संस्थेने दहा वर्षे पैसा पुरविण्याचे कबूल केले. अट अशी की विधवांच्या घरात कोणत्याही धर्माची सक्ती होणार नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पहिल्या मुलींत गोदूबाई होत्या, याच पुढे अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी झाल्या. पुढल्या वर्षी सदन पुण्यास आले.

येथे माझ्यासारखीला खरी अडचण दिसते. पैसा निधर्मी घरासाठी दिलेला, आणि घर चालविणारी बाई पहाटे उठून येशूची प्रार्थना करणारी. रमाबाईंनी मुलींना प्रार्थनेस बोलाविले नाही. मात्र आपल्या खोलीचे दारही लावून घेतले नाही. आई आणि मनोरमा आत प्रार्थनेस बसत, आणि एकेक मुलगी आपणहून येऊन उंबऱ्याशी बसू लागली. बाहेर बोभाटा झाला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली परत नेल्या. ज्यांनी विश्वासाने मुली ठेवल्या त्यांना धक्का बसला असेल तर त्यात नवल नाही. पण आपल्या घरात दार लावून देवाला लपवावे, असे त्या बाईला कोण सांगणार होते? मला दोन्ही बाजू दिसतात आणि आजही निकाल देता येत नाही.

सल्लागार गेले, आणि दहा वर्षांची मुदत १८९८ साली संपणार हे तर ठरलेलेच होते. पुढे काय? रमाबाईंनी पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे सुमारे शंभर एकर माळ घेतला आणि त्यात फळझाडे लावली. मदत आटली तरी घर उत्पन्नावर चालावे हा हेतू. हा माझ्या पसंतीचा रमाबाईंचा व्यवहार. त्याच सुमारास त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र वाचले. या गृहस्थांनी कोणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या भरवशावर हजारो पोरक्या मुलांना सांभाळले होते. एका हाताने झाडे लावायची आणि दुसऱ्या हाताने सारे देवावर सोपवायचे, हे वरवर विसंगत वाटते. मराठी बायबलात एक शब्द येतो, कारभारी. धन्याची मालमत्ता सांभाळणारा माणूस. ती त्याची नसते, पण तिचा जाब त्यालाच द्यावा लागतो. हा शब्द मनात धरला की विसंगती उरत नाही.

झाडे फळावर येण्याआधीच १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे मरत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि रमाबाईंना रायचूर दिसू लागले. बॉस्टनचा पैसा उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी होता, दुष्काळातल्या कोणत्याही जातीच्या पोरींसाठी नव्हता. हातात दुसरी रक्कम जवळजवळ नव्हतीच. मी २०२० मध्ये जेथे थांबले, तेथेच त्याही उभ्या होत्या. त्या थांबल्या नाहीत. तो पैसा त्यांनी वळविलाही नाही. नवे खाते उघडल्यासारखे वेगळे काम उघडले, प्रार्थना केली आणि मध्य प्रांताची गाडी धरली. तेथील अन्नछत्रे पाहिली, झाडांखाली पडलेल्या मुली पाहिल्या, मुलींना फसवून नेणारी माणसेही पाहिली. पैसा येईल तसतशा त्या मुली आणीत गेल्या, आणि तीनशेच्या आसपास मुली त्यांच्या आश्रयाला आल्या.

त्या आणायच्या कोठे? पुण्यात १८९७ मध्ये प्लेग भडकलेला. शहरात इतकी माणसे एकत्र ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. मग केडगावचा माळ कामी आला. फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू लागले, गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. कित्येक मुली हाडांचे सापळे होऊन आलेल्या, अंगावर फोड, डोक्यात उवा. काही हिसकून खात, चोरून ठेवीत. त्यांना न्हाऊमाखू घालणारी माणसेही थोडी, म्हणून सदनातल्या शिकलेल्या मुलींनी एकेकीने काहीजणी वाटून घेतल्या. सदनातल्या मुली आजवर घेणाऱ्या होत्या, येथे त्या देणाऱ्या झाल्या. या वसाहतीचे नाव मुक्ती. प्लेगच्या रुग्णालयात बायकांचे जे हाल होत त्याविरुद्धही रमाबाईंनी त्याच साली वृत्तपत्रात पत्र लिहिले. सरकारला ते मुळीच आवडले नाही.

१८९८ मध्ये दहा वर्षांचा हिशेब देण्यासाठी त्या जातीने अमेरिकेस गेल्या. एवढे घर मागे ठेवून समुद्र ओलांडायचा, तो कशासाठी, तर ज्यांनी पैसा दिला त्यांच्यासमोर उभे राहून त्याचे काय केले हे सांगण्यासाठी. जुन्या संस्थेची मुदत संपली आणि नवी संस्था निघाली. परत येतात तो १८९९-१९०० चा दुष्काळ, या खेपेस गुजरातेत. तेथूनही मुली आल्या आणि मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. दोन हजार पाने मांडायची म्हणजे काय, हे हळदीकुंकवाला दोनशे बायांची बैठक घालताना कंबर धरणाऱ्या आपण समजू शकू.

तेथे फुकटचे अन्न नव्हते. शेत, गाई, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना, सारे मुलींच्याच हाती. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. अंध मुलींनाही जागा होती आणि कामही होते. मध्यभागी क्रुसाच्या आकाराचे मोठे प्रार्थनामंदिर उभे राहिले. तेथील भक्ती देशी वळणाची, जमिनीवर बसून मराठीत. १९०५ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी मुली एकदम मोठ्याने, रडत, प्रार्थना करू लागल्या, तेव्हा काही गोऱ्या मंडळींना ते असभ्य वाटले. रमाबाईंनी त्या मुलींची बाजू घेतली. मला मात्र तेथल्या उपासनेचे खरे रूप रोजच्या दिवसात दिसते. पहाटे प्रार्थना, मग दळण, विणकाम, खिळे जुळविणे. प्रार्थनेतून उठून कामाला जाणे आणि कामावरून प्रार्थनेला येणे यांत त्या घरात उंबरठा नव्हता.

उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर हाती घेतले. मुक्तीतल्या खेड्यापाड्यांच्या मुलींना कळेल अशी सोपी मराठी हवी, हा आग्रह. एवढ्या मोठ्या संस्कृत पंडितेने संस्कृत शब्द वेचून वेचून बाहेर काढावेत! त्यात अनेक वर्षे गेली. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. जिच्या हाती सारे सोपवायचे तीच गेली. रमाबाईंनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. केडगावच्याच छापखान्यात मुलींच्या हातून ते छापून निघाले आणि १९२४ मध्ये ग्रंथ बाहेर आला. मुक्ती मिशन आजही केडगावात आहे.

माझे माहेर सोलापूरकडचे. लग्नापासून किती वेळा ते स्टेशन गाडीतून मागे गेले, पण मी कधी उतरले नाही. गेल्या माघात उतरले. त्या मंदिरात फरशीवर बराच वेळ बसले. परत येताना गाडीत मनात आले की ठेव मोडायची की नाही यावर आम्ही २०२० मध्ये चार सभा भांडलो, पण ज्यांनी पैसे दिले त्यांना विचारावे हे एकीलाही सुचले नाही. हिशेब ठेवणारी मी, मलाही नाही.

घरी येताच देणगीदारांची जुनी यादी काढली. एकतीस पत्रे हाताने लिहिली. सभागृहाच्या ठेवीतील काही भाग अडचणीच्या वेळी आळीतल्या कष्टकरी बायांसाठी वेगळा ठेवण्यास आपली संमती आहे काय, एवढेच विचारले. आजवर चोवीस उत्तरे आली आहेत, त्यांत तीन नकार आहेत. सर्व पत्रे फाईलला लावली असून विषय येत्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर सहाव्या क्रमांकाला घेतला आहे.