लक्ष्मणराव किर्लोस्कर : पायगाडीपासून नांगरापर्यंत

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव चाकाच्या आधाराने नांदले, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. इ. स. च्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात या गावाचा उल्लेख तगर या नावाने आला असून, येथील कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदरास नेत असत, असे त्यात वर्णिले आहे. पुढे याच गावी संत गोरोबाकाकांचे चाक फिरले. कुंभाराचे चाक काय किंवा बैलगाडीचे चाक काय, शेकडो वर्षांत त्यांचे मूळ रूप फारसे पालटले नाही. त्यामुळेच की काय, एखादे साधन नव्या आकारात पुढे आले की आपला समाज प्रथम बिचकतो. या बिचकण्याशी ज्यांना वर्षानुवर्षे सामना करावा लागला, त्या कै. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र आम्ही येथे देत आहोत. त्यांचे नाव लोखंडी नांगराशी निगडित आहे. परंतु त्यांच्या उद्योगाचा आरंभ पायगाडीपासून, म्हणजे सायकलीपासून झाला, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे व यंत्रांकडे. 1885 साली ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण त्यांच्या दृष्टीत रंगांधत्वाचा दोष असल्याचे आढळून आले आणि चित्रकार होण्याची आशा संपली. कोवळ्या वयात एखाद्याची उमेद खचण्यास एवढे पुरे होते. तथापि रंग हातचे गेले तरी रेघ हातची गेली नव्हती. यांत्रिक रेखनाचा अभ्यास करून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

मुंबईत त्यांच्या नजरेस सायकल पडली. तेथून सायकली बेळगावास धाडावयाच्या व बंधू रामुअण्णांनी त्या विकावयाच्या, असा क्रम सुरू झाला. 1888 साली निघालेले ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे दुकान ते हेच. गिऱ्हाइकास वाहन नुसते विकून भागत नसे. त्यावर बसावे कसे हेही शिकवावे लागे.

त्या काळी सायकलीचे रूप नुकतेच स्थिरावू लागले होते. विद्यार्थिमित्रांस आज जी सायकल सर्वांत साधी वाटते, तीच त्या वेळी नवखी होती. 1817 साली जर्मनीत कार्ल द्राइस याने केलेल्या पहिल्या दुचाकीस पायडलच नव्हते. स्वार जमिनीस पाय रेटीत धावे. पुढे पॅरिसमध्ये पुढच्या चाकास पायडले लागली. पण चाके लाकडी आणि त्यांवर लोखंडी धाव, तेव्हा स्वाराची हाडे खिळखिळी होत. नंतर पुढचे चाक पुरुषभर उंचीचे झाले. यास वेड म्हणू नये, त्यामागे हिशेब होता. पायडल चाकालाच जोडलेले असल्यामुळे पायाच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होई. चाकाचा व्यास 50 इंच धरल्यास एका फेऱ्यात सुमारे 13 फूट मजल होते. अधिक मजल हवी तर चाक मोठे हवे, आणि ते किती मोठे करता येईल हे स्वाराच्या पायाच्या लांबीवर ठरे. वाटेत दगड आडवा आला की स्वार डोक्यावर आपटे, ही त्याची किंमत होती.

1885 साली इंग्लंडात जॉन केंप स्टार्ले याने दोन्ही चाके जवळजवळ सारखी ठेवून, साखळीच्या योगाने मागचे चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल पुढे आणली. पुढील दातेरी चक्रास 44 व मागील चक्रास 18 दात असतील, तर 28 इंची चाकावरही पायाच्या एका फेऱ्यात सुमारे 18 फूट मजल होते. उंच चाकाचे प्रयोजनच सरले. 1888 साली डनलॉपने हवा भरलेली रबरी धाव बसविली आणि हादरेही कमी झाले.

तरीही निराळे आकार थांबले नाहीत. 1933 साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर याने, मोशे नावाच्या कारागिराने बांधलेल्या, मागे रेलून चालवावयाच्या बुटक्या सायकलीवर एका तासात 45 किलोमीटरहून अधिक अंतर तोडले व 1914 पासूनचा उच्चांक मोडला. दुसऱ्याच वर्षी सायकलशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने असल्या सायकली उच्चांकासाठी अपात्र ठरविल्या. आमच्या मते हा अन्यायच होता. मात्र कडब्याच्या गाड्यांमधून बाजारास जाणाऱ्याला उंच बसूनच रस्ता दिसतो, आणि गावच्या कारागिराला दुरुस्त करता येते ती साधी सायकलच, हेही तितकेच खरे.

लक्ष्मणरावांकडे वळू. मुंबईच्या संस्थेत बढतीची त्यांची पाळी असता ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली. नोकरीचा राजीनामा देऊन ते बेळगावास आले. कडबा कापण्याची यंत्रे करता करता त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला. तेरणाकाठच्या काळ्या जमिनीची ज्यांस ओळख आहे, अशा पालकांस या नांगराचे मोल सांगावयास नको. लाकडी नांगर जमीन केवळ उकरतो. लोखंडी नांगर तास पालथे करतो, त्यामुळे हरळी-कुंद्याची मुळे उघडी पडून उन्हात वाळतात. परंतु लोखंडाने जमिनीस विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर विकण्यास दोन वर्षे लागली! शेतकऱ्यास हसणे सोपे आहे; पण पीक बुडाले तर उपाशी राहावयाचे ते त्याच्या घरच्यांनी, नांगर विकणाऱ्याने नव्हे. म्हणून त्याचे भय आम्हांस अगदीच अनाठायी वाटत नाही.

जम बसतो न बसतो तोच नगरपालिकेच्या नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा सोडण्याची आज्ञा झाली. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांस आपल्या संस्थानात बोलाविले, 10,000 रुपयांचे कर्ज दिले आणि कुंडल रोड स्थानकानजीक 32 एकर माळ दिला. पाणी दुर्मिळ, निवडुंगाचे रान, सापांचा सुळसुळाट. 1910 साली मूठभर सहकाऱ्यांसह लक्ष्मणराव तेथे उतरले. माळ साफ झाला, कारखाना व घरे उभी राहिली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांस त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले आणि त्यांनी तो विश्वास राखला. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, हाही त्यांचा दंडक होता.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून मिळालेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर घडविण्यात आले. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. कुंडल रोड हे स्थानकाचे जुने नाव मागे पडले असून आता त्यास किर्लोस्करवाडी असेच म्हणतात. आणि बेळगावात जेथे सायकलींचे दुकान होते, तो रस्ता किर्लोस्कर रस्ता या नावाने ओळखला जातो.