पंडिता रमाबाई आणि आठ वर्षांनी लाभलेली शांती

फिजीला पहिले गिरमिटिये नेणारे लिओनिदास जहाज 1879 मध्ये कलकत्त्याहून निघाले. त्याच्या आदल्याच वर्षी वीस वर्षांची एक मराठी मुलगी भावाबरोबर भटकत त्या शहरात पोहोचली होती. जहाजावरच्या लोकांची नावे सरकारी पासांवर राहिली. या मुलीचे नाव पुढे देशोदेशी गेले. पण गाव सोडायला लावणारा दुष्काळ दोघांनाही ओळखीचा होता. म्हणून पूर्वजांच्या आठवणींच्या या अंकात पंडिता रमाबाईंनाही जागा असावी असे वाटले.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. आई लक्ष्मीबाईंनी तीच विद्या मुलीला दिली. सारे कुटुंब तीर्थे करीत, देवळांत पुराणे सांगत फिरे. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली, पुढे मोठी बहीणही. आईला खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. त्यांची उंची कमी, म्हणून तिरडीचा भार त्यांनी डोक्यावर घेतला.

उरलेली दोन भावंडे हजारो मैल पायी चालली. कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. 1880 मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर नोंदणी विवाह केला. पुढच्या वर्षी मनोरमा झाली आणि फेब्रुवारी 1882 मध्ये कॉलऱ्याने पतीला नेले. रमाबाईंचे वय तेव्हा तेवीस, कडेवर दहा महिन्यांची लेक.

सिलचरच्या घरातच लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती आली होती. पतीला हे वाचन रुचत नव्हते. वैधव्यानंतर त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथल्या धर्मभगिनी पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना जवळ करून पुन्हा उभे करतात, हे पाहून त्यांचे मन हलले. 29 सप्टेंबर 1883 रोजी वॉन्टेज इथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इथेच त्यांना शांती मिळाली असा पुष्कळांचा समज असतो. तसे झाले नाही. इकडे पुण्यात संताप उसळला आणि तिकडे धर्मभगिनींशी वाद सुरू झाले. मान्य न झालेली गोष्ट केवळ वरिष्ठ सांगतात म्हणून मानायला रमाबाई तयार नव्हत्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको, असाही त्यांचा प्रश्न होता. त्या शाकाहारी राहिल्या, साडीही सोडली नाही. कानांना कमी ऐकू येऊ लागल्याने वैद्यकीय शिक्षणाचा बेत सोडावा लागला. अमेरिकेत मदत उभी करून 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, ते पुढच्या वर्षी पुण्याला हलवले. काम वाढले, मन मात्र अस्वस्थच होते.

1891 च्या सुमारास एका इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र वाचताना त्यांना उमगले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त भेटायचा राहिला. इतकी वर्षे तत्त्वे तपासली, विधी पाळले. आपण आहोत तशा त्याच्या स्वाधीन झालो नाही. त्या झाल्या, आणि मनावरचे ओझे उतरले.

संकटे काही थांबली नाहीत. 1893 मध्ये शारदा सदनात मुलींना बाटवतात असा गहजब झाला. रानडे, भांडारकरांसारखी मोठी माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. माझ्या मते दोन्ही बाजूंचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते: सदनात धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती, पण बाईंच्या प्रार्थनेचे दारही बंद नसे. मात्र वॉन्टेजमध्ये तावातावाने वाद घालणाऱ्या रमाबाई आता काम सोडून वादाच्या मागे धावल्या नाहीत.

1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपली आई आठवली, आणि रमाबाई तिकडे निघाल्या. सरकारी अन्नछत्रांच्या आसपास पोरींना फशी पाडणारे दलाल त्यांनी पाहिले. त्या काळी अरकाटीही याच मुलखात फिरत. कोणती बाई रमाबाईंबरोबर गेली आणि कोणती डेपोत, हे पुष्कळदा तिला आधी कोण भेटले यावरच ठरले असावे. आपल्यापैकी काहींच्या पणज्या दुसऱ्या वाटेने गेल्या.

पुण्यात प्लेग होता, म्हणून या मुलींना शहराबाहेर केडगावच्या शेतावर ठेवावे लागले. तेच मुक्ती सदन. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विहिरी खोदणे, माग, तेलघाणी, छापखाना, अंधांना ब्रेल. सारे बायकाच करीत. ठरावीक उत्पन्न नव्हते. उद्याचे धान्य कुठून येईल याची विवंचना त्या पहाटेच्या प्रार्थनेत देवापुढे ठेवीत आणि कामाला लागत. ईस्ट टामाकीत रात्रपाळी आटोपून, घराच्या हप्त्याचा हिशोब डोक्यात घेऊन परतणाऱ्यांना ती पहाट समजेल, मग ते चर्चला जाणारे असोत की देवळात.

शेवटचा घाव 1921 च्या जुलैमध्ये बसला. आईचे काम सांभाळणारी मनोरमा चाळिशीत गेली. रमाबाई त्याही दुःखात बायबलच्या भाषांतराला बसल्या. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल असे मराठी बायबल करण्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते. ते संपूर्ण बायबल 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.