जेम्स ज्यूल: ऊर्जेचा हिशोब मांडणारा ब्रुअरीवाला

फोन चार्जिंगला लावून अर्धा तास गेम खेळा, मागची बाजू चांगलीच गरम लागते. चार्जरमधून वीज आली, बॅटरीत रासायनिक ऊर्जा होऊन साठली, तिथून परत वीज होऊन प्रोसेसरमध्ये गेली, स्क्रीनवर प्रकाश झाली, स्पीकरमधून आवाज झाली. आणि प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी उष्णता होऊन तुमच्या तळहाताला लागली. ऊर्जा एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. पण किती जाते? एवढ्या विजेतून नेमकी किती उष्णता, एवढ्या कामातून नेमकी किती? हा 'किती' ज्याने आयुष्यभर सोडला नाही त्याचं नाव आज ऊर्जेच्या एककाला आहे: जेम्स प्रेस्कॉट ज्यूल.

पुस्तकात तो आपल्याला फक्त एकक म्हणून भेटतो. उत्तराच्या पुढे 'ज्यूल' लिहिलं नाही तर अर्धा मार्क जातो, एवढीच ओळख. माणूस मात्र फार इंटरेस्टिंग होता, कारण तो ना प्रोफेसर होता ना इंजिनिअर. त्याच्या घरची बिअर बनवायची ब्रुअरी होती.

२४ डिसेंबर १८१८ ला इंग्लंडमधल्या मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डमध्ये त्याचा जन्म झाला. घरात पैसा होता, पण तब्येत लहानपणापासून नाजूक, त्यामुळे शिक्षण घरीच. पुढे वडिलांनी त्याला आणि त्याच्या भावाला एका म्हाताऱ्या मास्तरांकडे पाठवलं. हे मास्तर म्हणजे जॉन डाल्टन. हो, अणुसिद्धांतवाला तोच डाल्टन! केमिस्ट्री शिकायच्या आशेने गेलेल्या या पोरांना त्याने आधी अंकगणित आणि भूमितीत घासून घेतलं. १८३७ मध्ये डाल्टनला पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी थांबली. ज्यूलचं औपचारिक म्हणता येईल असं शिक्षण एवढंच. कॉलेज नाही, डिग्री नाही. घरी मात्र दोघं भाऊ विजेचे प्रयोग करायचे आणि अधूनमधून नोकरचाकरांना शॉकही द्यायचे.

मोठा झाल्यावर तो ब्रुअरीत काम बघू लागला आणि उरलेल्या वेळात प्रयोग. तो काळ विद्युतचुंबकाच्या क्रेझचा होता. १८३८ मध्ये रशियात याकोबी नावाच्या संशोधकाने बॅटरीवरच्या मोटरने नेवा नदीत होडी चालवून दाखवली होती. चुंबक फुकटात ओढतो, मग मोटर सुधारत गेलो तर जवळपास फुकटात हवी तेवढी ताकद मिळेल, असं बऱ्याच जणांना वाटत होतं. एकोणीस वर्षांच्या ज्यूललाही वाटत होतं. ब्रुअरीतलं वाफेचं इंजिन काढून तिथे इलेक्ट्रिक मोटर बसवता येईल का, हा त्याचा पहिला प्रश्न.

बाकीचे मोटर किती जोरात फिरते ते बघत होते. ज्यूल बघत होता की तेवढं फिरायला बॅटरीतलं जस्त किती संपतं. धंद्यातला माणूस. माल किती गेला आणि बदल्यात काय मिळालं, हे विचारल्याशिवाय त्याला चैन पडेना.

हिशोब निराशाजनक निघाला. १८४१ पर्यंत त्याच्या लक्षात आलं की एक पौंड जस्त बॅटरीत खर्चून मिळणारं काम, चांगल्या वाफेच्या इंजिनात एक पौंड कोळसा जाळून मिळणाऱ्या कामाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढंच आहे. त्यात जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. मोटरचा नाद त्याने तिथेच सोडला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा निकाल आहे, जरी तो कुठल्याच परीक्षेला येत नसला तरी. आकडा आपल्या आवडत्या कल्पनेच्या विरोधात गेला आणि त्याने आकड्याचं ऐकलं.

मोटरमध्ये वीज वाया जाते ती कुठे, हे शोधताना त्याने वायरीचं वेटोळं पाण्याच्या भांड्यात बुडवलं, त्यातून वीज सोडली आणि पाणी किती तापतं ते मोजलं. १८४० मध्ये नियम हाती आला. तयार होणारी उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात असते. विद्युतधारा दुप्पट केली की उष्णता चौपट. तुमच्या फास्ट चार्जिंगशी याचा थेट संबंध आहे. २० वॉट पाठवायचे असतील तर ५ व्होल्टवर ४ अँपिअर लागतात, १० व्होल्टवर २ अँपिअरमध्ये काम होतं. त्याच केबलमध्ये दुसऱ्या पद्धतीत उष्णता चारपट कमी. म्हणून बरेच फास्ट चार्जर व्होल्टेज वाढवतात, आणि जे जास्त अँपिअर पाठवतात त्यांना खास जाड तारांची केबल द्यावी लागते. गावाबाहेरून जाणाऱ्या मोठ्या टॉवरच्या लाइन लाखो व्होल्टच्या असतात त्यामागेही हाच वर्ग आहे.

उष्णता येते कुठून?

इथवर ठीक होतं. पुढचा प्रश्न मात्र त्या काळच्या विज्ञानाच्या मुळाशी जाणारा होता.

तेव्हाच्या बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते उष्णता हा एक अदृश्य द्रव होता, 'कॅलोरिक'. गरम वस्तूत तो जास्त, थंड वस्तूत कमी. तो इकडून तिकडे वाहतो, पण नव्याने तयार होत नाही आणि नष्टही होत नाही. या हिशोबात वायर गरम झाली तर बॅटरीतून कॅलोरिक वाहत आलं म्हणायचं आणि गप्प बसायचं.

ज्यूलने बॅटरीच काढून टाकली. १८४३ मध्ये त्याने एक छोटं वेटोळं पाणी भरलेल्या नळीत बंद केलं आणि शक्तिशाली विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये गरागरा फिरवलं. म्हणजे हा झाला डायनॅमो. वेटोळ्यात वीज तयार झाली आणि पाणी तापलं. आता ही उष्णता आली कुठून? बाहेरून वाहत यायला जागाच नव्हती. ती आली फिरवणाऱ्याच्या मेहनतीतून. मग त्याने तेच यंत्र उलटं, बॅटरी लावून मोटरसारखं चालवलं. तेव्हा मोटर जेवढं काम करत होती तेवढी उष्णता कमी भरत होती. दोन्ही बाजूंनी हिशोब जुळला: काम दिलं की उष्णता मिळते, काम काढून घेतलं की उष्णता घटते. आम्ही सॉफ्टवेअरवाले बग शोधताना हेच करतो. संशय असलेला भाग काढून टाकायचा आणि प्रोग्रॅम काय करतो ते बघायचं.

त्याने भावही काढला. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायचं तर ८३८ पौंड वजन एक फूट वर उचलण्याएवढं काम लागतं. ऑगस्टमध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्याने हे वाचून दाखवलं. प्रतिक्रिया? शांतता. पुढच्या वर्षी हवा दाबून आणि प्रसरण पावू देऊन केलेल्या प्रयोगांवरचा त्याचा निबंध रॉयल सोसायटीने छापायला नकार दिला.

लोकांचं सगळंच चुकत होतं असंही नाही. ज्यूलच्या वेगवेगळ्या प्रयोगांतून वेगवेगळे आकडे येत होते. आणि तो ज्या तापमानवाढीबद्दल बोलत होता ती अंशाच्या छोट्याशा भागाएवढी. एक बिअरवाला सांगतोय की मला अंशाचा शंभरावा भाग कळतो, यावर कोण विश्वास ठेवणार? पण ब्रुअरीत वाढलेल्या माणसाला तापमान सांभाळायचं बाळकडू मिळालेलं असतं, तिथे दोन-चार अंशांनी अख्खा घाणा बिघडतो. शिवाय मँचेस्टरमधल्या डान्सर नावाच्या कुशल कारागिराने त्याला असे थर्मामीटर बनवून दिले होते की सराव असलेल्या नजरेला अंशाचा दोनशेवा भाग वाचता यावा.

तळघरातली रवी

मग त्याने असा प्रयोग उभा केला की त्यात वीज नाही, चुंबक नाही, वाद घालायला काही शिल्लकच नाही. ताक घुसळायची रवी डोळ्यांसमोर आणा. तांब्याच्या बंद भांड्यात पाणी आणि त्यात पितळी पात्यांची रवी. रवीच्या दांड्याला दोर, दोर कप्प्यांवरून जाऊन दोन शिशाच्या वजनांना बांधलेला. वजनं खाली येतात, रवी फिरते, पाणी घुसळतं. वरच्या वजनात साठलेली स्थितिज ऊर्जा आधी गतिज ऊर्जा झाली आणि पाण्याच्या घर्षणात उष्णता झाली. मग थर्मामीटर वाचायचा.

१८४५ पासून तो हे यंत्र सुधारत होता. १८४९ च्या शेवटच्या फेरीचे आकडे बघा. प्रत्येक वजन साधारण १३ किलो, पडण्याची उंची सुमारे १.६ मीटर, आणि वजनं परत वर घेऊन हे वीस वेळा. वेळ लागायचा पस्तीस मिनिटं. एवढं करून पाणी तापायचं ते जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट, म्हणजे ०.३ अंश सेल्सिअसच्या आसपास. हवेचं तापमान स्थिर राहावं म्हणून प्रयोग तळघरात, स्वतःच्या अंगाची उष्णता भांड्याला लागू नये म्हणून मध्ये लाकडी पडदा. वजनं जमिनीवर आपटतात त्यात गेलेली ऊर्जा वजा केली, कप्प्यांचं घर्षण वजा केलं. लोखंडावर लोखंड घासून केलेल्या प्रयोगात आवाज फार व्हायचा, तर त्या आवाजात किती ऊर्जा गेली हे त्याने चेलोची तार छेडून ताडून पाहिलं! आवाजाचासुद्धा हिशोब.

आजच्या भाषेत सांगायचं तर त्या पस्तीस मिनिटांत वजनांनी दिलेली ऊर्जा आठ हजार ज्यूलच्या थोडी वर भरते. तुमच्या ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण ६९ हजार ज्यूल मावतात. म्हणजे ज्यूलची सगळी मेहनत तुमच्या फोनच्या १२ टक्के चार्जिंगएवढी. आणि लाइट बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल.

सगळा मिळून आकडा आला ७७२. हा निबंध रॉयल सोसायटीपुढे मांडायला मायकेल फॅरडे पुढे आला आणि १८५० मध्ये तो छापला गेला. त्याच वर्षी ज्यूल सोसायटीचा सभासद झाला.

मधल्या काळात एक गोष्ट घडली होती. जून १८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत ज्यूलला थोडक्यात आटपा म्हणून सांगण्यात आलं होतं. तिथेही विषय विरून गेला असता, पण श्रोत्यांत विशीतला एक हुशार तरुण बसला होता, विल्यम थॉमसन, जो पुढे लॉर्ड केल्विन झाला. त्याला वाटलं हे चूक असणार, आणि मग वाटलं की चूक नसली तर? दोघांची ओळख झाली.

दोनेक महिन्यांनी ज्यूलचं अमेलिया ग्राइम्सशी लग्न झालं आणि जोडपं आल्प्सकडे हनिमूनला गेलं. योगायोगाने थॉमसनही तिथेच भटकत होता. त्याने नंतर सांगितलेला किस्सा असा की रस्त्यात ज्यूल भेटला तो लांबलचक थर्मामीटर हातात घेऊन, धबधब्याचं पाणी खाली आल्यावर किती तापतं ते मोजायच्या तयारीत! थॉमसनने त्यात थोडं तिखटमीठ लावलं असावं. पण कल्पना ज्यूलचीच होती. नायगाराचं पाणी १६० फूट कोसळल्यावर अंशाच्या पाचव्या भागाएवढं गरम व्हायला हवं, हे गणित त्याने आधीच मांडलं होतं.

पुढे या दोघांनी मिळून दाबाखालचा वायू सच्छिद्र बोळ्यातून सोडला की तो थंड होतो हे दाखवलं. १८९५ मध्ये लिंडेने हवा द्रवरूप करायचं यंत्र याच परिणामावर उभं केलं. द्रवरूप ऑक्सिजनच्या उद्योगाची ती सुरुवात.

घरी मात्र १८५४ मध्ये अमेलिया गेली. नुकतंच जन्मलेलं मूलही वाचलं नाही. दोन लहान मुलं मागे राहिली. ज्यूलने पुन्हा लग्न केलं नाही. त्याच सुमारास ब्रुअरीही विकली गेली.

श्रेयाचा वादही झाला. युलियस रॉबर्ट मायर या जर्मन डॉक्टरने १८४२ मध्येच काम आणि उष्णता यांचा संबंध छापला होता. जावाला जाणाऱ्या जहाजावर असताना, उष्ण प्रदेशात खलाशांचं शिरेतलं रक्त जास्त लाल दिसतं यावरून त्याला ते सुचलं. त्याचीही कोणी दखल घेतली नाही आणि त्याने फार भोगलं. कल्पना मायरची आधी, हे मान्य करायला हवं. पण तिला आकड्याच्या पायावर उभं केलं ज्यूलने. रॉयल सोसायटीचं कोपली पदक १८७० मध्ये ज्यूलला मिळालं आणि १८७१ मध्ये मायरला.

शेवटी शेवटी पैसा आटला, तब्येत ढासळली. १८७८ मध्ये सरकारने वर्षाला २०० पौंडांचं पेन्शन सुरू केलं. त्याच वर्षी साठीच्या ज्यूलने परत एकदा रवी फिरवून आलेला आकडा छापला: ७७२.५५. त्याचं नाव एककाला देण्याची सूचना १८८२ मध्ये झाली होती, ती १८८९ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत मान्य झाली. त्यानंतर काही आठवड्यांनी, ११ ऑक्टोबर १८८९ ला, मँचेस्टरजवळच्या सेल गावात तो वारला. तिथल्या ब्रुकलँड्स कब्रस्तानात त्याच्या दगडावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे. आज मान्य असलेला आकडा ७७८ च्या जरा वर आहे, म्हणजे फरक एक टक्क्याहूनही कमी.